शाळेच्या जेवणाचा आराखडा मुलांच्या हाती: पार्श्वभूमी

चार-पाच मुलांचा गट, दोन-तीन आठवड्यांची मुदत आणि काम असे: शाळेतले दुपारचे जेवण अधिक आरोग्यदायी होईल असा आठवड्याचा मेनू आखा. असे प्रकल्प आता अनेक देशांतल्या शाळांत होतात. मुले वर्गमित्रांची मते गोळा करतात, तक्ते भरतात, खर्चाचा मेळ घालतात आणि शेवटी सादरीकरण करतात. चौरस आहार म्हणजे काय किंवा गटात कामे कशी वाटावीत, हे वाचकांना ठाऊक आहे असे धरून चालू. मुले ज्या कोड्याला हात घालतात, ते मोठ्यांनी गेल्या ऐंशी वर्षांत अनेकदा सोडवले आहे आणि तितक्याच वेळा उत्तर फिरवले आहे. त्यातला एक वाद, म्हणजे जेवण पदार्थांवरून तोलायचे की पोषक घटकांच्या आकड्यांवरून, माहीत नसेल, तर मुलांचा मेनू कागदावर चोख उतरतो आणि ताटात फसतो.

शाळेत जेवण देण्याची सुरुवात भुकेपायी झाली, आरोग्यापायी नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी (१८९९-१९०२) ब्रिटिश सैन्यात भरतीला आलेले बरेचसे तरुण शरीराने कमकुवत निघाले. त्या धक्क्यातून ब्रिटनमध्ये १९०६ चा कायदा झाला आणि स्थानिक संस्थांना शाळकरी मुलांना जेवण देण्याची मुभा मिळाली. फिनलंडने १९४३ मध्ये सर्वांना मोफत जेवण देण्याचा कायदा केला, तो १९४८ पासून पूर्णपणे अमलात आला. अमेरिकेचा कायदा १९४६ चा, जपानचा १९५४ चा. या सगळ्यांमागची काळजी एकच होती, की मूल उपाशीपोटी वर्गात बसू नये.

त्यामुळे त्या काळची मोजमापेही भुकेलेल्या मुलाची होती. ब्रिटनमध्ये १९४१ मध्ये ठरलेल्या पहिल्या पोषण निकषांनुसार एका जेवणात सुमारे १००० उष्मांक, २० ते २५ ग्रॅम चांगल्या प्रतीची प्रथिने आणि ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ अपेक्षित होते. अमेरिकेच्या सुरुवातीच्या आराखड्यात दूध, मांस किंवा त्याला पर्याय, भाजी-फळ आणि पाव यांच्या जोडीने लोणीही सक्तीचे होते. आज त्याच देशात सर्वांत मोठ्या मुलांच्या जेवणाला ८५० उष्मांकांची कमाल मर्यादा आहे. लोणी भरवण्यापासून उष्मांकांवर लगाम घालण्यापर्यंतचा हा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात मावतो. आजच्या मेनूला ‘आरोग्यदायी’ म्हणताना मुलांनी हे लक्षात ठेवायला हवे.

आता मूळ वादाकडे येऊ. जेवण चांगले की वाईट, हे ठरवायचे कशावर? एक रीत पदार्थगटांची: ताटात रोज धान्य हवे, डाळ किंवा प्रथिनांचा दुसरा पदार्थ हवा, भाजी हवी, फळ हवे, आणि प्रत्येकाचे किमान प्रमाण ठरलेले. दुसरी रीत आकड्यांची: पदार्थ कोणतेही असोत, उष्मांक, प्रथिने, लोह, कॅल्शियम, मीठ आणि स्निग्ध पदार्थ ठरलेल्या मर्यादेत बसले की झाले. दुसरी रीत ऐकायला जास्त शास्त्रीय वाटते, आणि मुलांचे गटही बहुतेक वेळा तिच्याकडेच वळतात, कारण मोबाइलवर पदार्थाचे नाव टाकले की आकडा समोर येतो.

पदार्थगटांच्या रीतीतली फट १९८१ मध्ये जगासमोर आली. अमेरिकेत शालेय जेवणाच्या खर्चाला कात्री लागली होती. तेव्हा टोमॅटो केचपसारखी तोंडीलावणी भाजीच्या हिशेबात धरायला वाट करून देणारा प्रस्ताव सप्टेंबरमध्ये पुढे आला. टीकेचे असे मोहोळ उठले की त्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. भाजी कशाला म्हणायचे हे ठरवणाऱ्याच्या हाती सगळी सत्ता असते, हे त्यातून दिसले. मग आकड्यांची रीत अधिक प्रामाणिक ठरेल, असे अनेकांना वाटू लागले.

१९९५ मध्ये त्या देशाने ती रीत पर्याय म्हणून खुली केली. दुपारच्या जेवणातून दिवसाच्या गरजेचा एक तृतीयांश भाग मिळावा, स्निग्ध पदार्थांपासून येणारे उष्मांक ३० टक्क्यांच्या आत आणि त्यातही संपृक्त (सॅच्युरेटेड, म्हणजे लोणी-तुपात जास्त असणाऱ्या) स्निग्धांशापासून येणारे १० टक्क्यांच्या आत राहावेत, असे ठरले. हिशेब मात्र आठवड्याच्या सरासरीवर होता. घोळ नेमका तिथेच. सोमवारी तळलेले पदार्थ आणि मंगळवारी अगदी हलके जेवण दिले, तर सरासरी गुणी दिसते. पण मंगळवारी मुले ताट अर्धे टाकून देतात आणि सोमवारी पुन्हा वाढून घेतात. संगणकाला दोन्ही ताटे सारखीच पूर्ण दिसतात.

इंग्लंडने हाच रस्ता अधिक नेटाने चालून पाहिला. तिथे १९८० च्या कायद्याने जुने निकष काढून टाकले होते. ते पदार्थगटांच्या रूपात २००१ मध्ये परतले. २००५ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका मोहिमेने शाळेतल्या जेवणाची दशा घरोघरी पोहोचवली आणि नियम कडक झाले. प्राथमिक शाळांना २००८ पासून आणि माध्यमिक शाळांना २००९ पासून पदार्थांच्या नियमांसोबत १४ पोषक घटकांचे आकडेही बंधनकारक झाले. हेतू उत्तम होता. पण स्वयंपाकघरातल्या माणसाला प्रत्येक पाककृतीचे पृथक्करण संगणकावर करून घ्यावे लागे, आणि एक पदार्थ बदलला की सगळा तक्ता पुन्हा मांडावा लागे. माध्यमिक शाळांत लोह आणि जस्त यांचे आकडे जुळवताना विशेष दमछाक होई. अखेर जानेवारी २०१५ पासून आकडे वगळून पुन्हा पदार्थांचेच नियम आले. अमेरिकेनेही २०१२ च्या नियमांत आकड्यांवर मेनू आखण्याचा पर्याय बंद केला. उष्मांक, मीठ आणि संपृक्त स्निग्धांश यांच्या मर्यादा तेवढ्या ठेवल्या. दोन मोठ्या देशांनी काही वर्षांच्या अंतराने तीच माघार घेतली, हा योगायोग मला वाटत नाही.

भारतातल्या शालेय जेवणाच्या योजनेत दोन्ही रीती शेजारी नांदतात. २००१ च्या न्यायालयीन आदेशात किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने म्हटले होते. २००६ मध्ये प्राथमिक वर्गांसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने ठरली. सोबत वजनेही आली: १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. या यादीचा हिशेब मुलांनी स्वतः मांडून पाहावा. धान्यातून साधारण ३५०, डाळीतून ७०, तेलातून ४५ उष्मांक येतात. म्हणजे भाजीला हात लावण्याआधीच ४५० पार होतात. भाजी पूर्ण गाळली तरी उष्मांकाचा रकाना हिरवाच राहतो. फक्त आकडा पाहणारा आराखडा कुठे आंधळा असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. भाजीचे वजन वेगळे लिहून ठेवण्याची गरज त्यासाठीच असते.

या सगळ्या वादात जेवणारे मूल फार उशिरा आले. प्रकल्पातून शिकण्याची कल्पना तशी जुनी. १९१८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका शिक्षणतज्ज्ञाच्या निबंधाने तिला मोठे बळ दिले, आणि मनापासून हाती घेतलेले, हेतू असलेले काम हा तिचा गाभा मानला. शाळेचे जेवण मात्र दीर्घकाळ या कल्पनेच्या बाहेर राहिले. तो प्रशासनाचा आणि स्वयंपाकघराचा विषय होता. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यापासून वरच्या वर्गांतल्या मुलांना पाचपैकी काही पदार्थ नाकारता येऊ लागले, कारण न आवडणारे पदार्थ ताटातून थेट कचऱ्यात जात होते. नकाराचा हक्क मिळाला, मत देण्याचा नाही. तो २००४ मध्ये आला: शाळांनी आरोग्यविषयक धोरण ठरवताना पालकांबरोबर विद्यार्थ्यांनाही सामील करून घ्यावे, असे त्या वर्षीच्या कायद्यात लिहिले गेले.

लिहिले गेले, पण पाळले किती गेले याची परीक्षा २०१२ च्या शरदात झाली. नवे नियम लागू झाले, उष्मांकांना कमाल मर्यादा आली, धान्य आणि मांस आठवड्याला किती द्यायचे तेही बांधले गेले. खेळणाऱ्या, शेतात राबणाऱ्या मोठ्या मुलांची भूक त्यात भागेना. कॅन्ससमधल्या एका शाळेतल्या विद्यार्थ्यांनी ‘आम्हाला भूक लागली आहे’ असे सांगणारे विडंबनगीत चित्रित केले आणि ते देशभर पाहिले गेले. डिसेंबरमध्ये धान्य आणि मांसाची आठवड्याची कमाल मर्यादा सैल करण्यात आली. एकूण नियम मुलांच्या भल्याचेच होते, भाज्यांचे प्रमाण आणि प्रकार त्यांनी वाढवले, हे मान्यच करायला हवे. पण एकाच वयोगटातल्या सगळ्यांची भूक सारखी असते, हे गृहीतक पहिल्या दिवसापासून चुकीचे होते, आणि ते मुलांनाच आधी कळले.

जपानने हा भाग वेगळ्या वाटेने हाताळला. तिथे बऱ्याच शाळांत मुले आळीपाळीने जेवण वाढतात आणि आवरतात; २००५ पासून आहारशिक्षण कायद्याने उचलून धरले गेले आणि त्यासाठी पोषण-शिक्षकाचे पदही निर्माण झाले. दुपारचे जेवण हा तिथे तासच मानला जातो. विद्यार्थी गटाने मेनू आखण्याची कल्पना अशा ठिकाणी सहज रुजते, कारण काय उरले आणि किती उरले हे मुले रोज स्वतःच्या हाताने आवरत असतात.

गटाच्या कामात सगळ्यांत दुर्लक्षित राहणारी माहिती हीच, उरलेल्या अन्नाची. वाढण्याआधी आणि जेवण झाल्यावर प्रत्येक पदार्थ वेगळा तोलला, की मेनूचा खरा निकाल समजतो. त्याला मोबाइलवरचा कोणताही तक्ता पुरा पडत नाही, आणि साधा तराजू लागतो फक्त.

वाद संपलेला मात्र नाही. अमेरिकेच्या २०२४ च्या नियमांनुसार वरून घातलेल्या साखरेवर पहिल्यांदाच मर्यादा येत आहे. २०२५-२६ पासून गोड दूध, दही आणि न्याहारीची तृणधान्ये यांना पदार्थागणिक मर्यादा आहे. २०२७-२८ पासून साखरेतून येणारे उष्मांक १० टक्क्यांच्या आत ठेवायचे आहेत, आणि तेही पुन्हा आठवड्याच्या सरासरीने. त्यामुळे आज हा प्रकल्प हाती घेणाऱ्या गटाला आधी रोजचे ताट आखावे लागेल, मग आठवड्याची बेरीज तपासावी लागेल, आणि सरासरीच्या आड कोणता सोमवार लपला आहे हे प्रत्येक वेळी शोधावे लागेल.