नॉइज कॅन्सलिंग हेडफोन : ध्वनिगुणवत्ता

बाहेरचा गोंगाट माइकने टिपून त्याच्या नेमकी उलटी ध्वनिलहर कानाजवळ निर्माण करणारे, आणि अशा रीतीने तो गोंगाट विरवणारे हेडफोन म्हणजे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन. प्रस्तुत नोंदीत त्यांतल्या वरच्या किमतीच्या, ब्लूटूथवर चालणाऱ्या आणि पूर्ण कान झाकणाऱ्या प्रकाराच्या आवाजाचा विचार केला आहे. सोनीची डब्ल्यूएच-१००० मालिका, बोसची क्वाएटकम्फर्ट मालिका, ॲपलचे एअरपॉड्स मॅक्स आणि सेनहायझरचे मोमेंटम ही या वर्गातली परिचित नावे. तारेच्या साध्या हेडफोनचा आवाज कसा आहे हे बरेचसे त्याच्या ड्रायव्हरवर, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या आतल्या छोट्या स्पीकरवर, आणि वाटीच्या घडणीवर ठरते. इथे गाणे आधी दाबले जाते, हवेतून पाठवले जाते, मग उलगडून त्यावर गणिती संस्कार होतात, आणि त्याच वेळी तोच ड्रायव्हर गोंगाट पुसण्याचे कामही करत असतो. त्यामुळे हे हेडफोन कुठे बसून ऐकले हे सांगितल्याशिवाय त्यांच्या आवाजाबद्दल दिलेले मत अर्धेच राहते.

तत्त्व : दोन ध्वनिलहरी एकमेकींच्या उलट कलेत (फेजमध्ये) भेटल्या, म्हणजे एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला, की दोघी मिळून जवळजवळ शून्य होतात. तत्त्व शालेय पुस्तकातले आहे. अवघड आहे ती वेळ साधणे. गोंगाटाचा दाब एकदशांशावर, म्हणजे २० डेसिबलने, खाली आणायचा असेल तर उलट्या लहरीची कला ६ अंशांहून कमी चुकली पाहिजे. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १०० हर्ट्झच्या घरघरीची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते, म्हणून तिथे पाचेक सेंटिमीटरची चूक चालते. १,००० हर्ट्झला हीच मुभा पाच मिलिमीटरवर येते आणि १०,००० हर्ट्झला अर्ध्या मिलिमीटरवर. माणसाचा कान, त्याची नलिका आणि डोक्याची हालचाल यांचा हिशेब इतक्या बारकाईने धरता येत नाही. कलेची चूक ६० अंशांपलीकडे गेली तर गोंगाट कमी होण्याऐवजी वाढतो. म्हणून हे तंत्र साधारण १,००० हर्ट्झच्या खालीच खऱ्या अर्थाने काम करते. त्यावरचे काम कानाभोवतीची मऊ गादी आणि बंद वाटी करतात, म्हणजे खोलीचे दार लावल्यासारखे.

इंजिनाची घरघर, एसीची गुणगुण, रुळांवरचा खालचा घुमारा हे नाहीसे होतात, पण शेजारच्या माणसाचे बोलणे, भांडे पडल्याचा खणखणाट किंवा बाळाचे रडणे बऱ्यापैकी ऐकू येत राहते, याचे कारण हेच. घरघर गेल्यामुळे बोलणे कधीकधी आधीपेक्षा स्पष्टही होते. पुष्कळ ग्राहक याला दोष समजतात. तो दोष नव्हे, तरंगलांबीचा नियम आहे.

माइकची जागा दोन ठिकाणी असते. वाटीच्या बाहेर बसवलेला माइक गोंगाट कानात शिरण्याआधी टिपतो, तर आतला माइक कानाजवळ प्रत्यक्ष काय पोचले ते तपासून चूक दुरुस्त करतो. वरच्या किमतीच्या हेडफोनमध्ये दोन्ही असतात. बाहेरच्या माइकवर वारा थेट आदळला तर तो गोंगाट समजून कानात फडफड उमटते. लोकलच्या दारात उभे राहून ऐकणाऱ्यांना ही अडचण चांगली माहीत आहे. बऱ्याच उत्पादनांत आता वारा ओळखून बाहेरचा माइक मंद करण्याची सोय असते.

इतिहास : जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पॉल ल्यूग यांना उलट्या लहरीने ध्वनी पुसण्याच्या कल्पनेचे अमेरिकन पेटंट १९३६ मध्ये मिळाले. त्या काळच्या उपकरणांनी ते प्रत्यक्षात आणणे शक्य नव्हते. १९५३ मध्ये आरसीए कंपनीतील हॅरी ओल्सन आणि एव्हरेट मे यांनी माइक, ॲम्प्लिफायर आणि ध्वनिक्षेपक एकत्र करून एका छोट्या जागेपुरता ध्वनी शोषून दाखवला. विमानातल्या आसनाच्या डोके टेकायच्या भागात अशी योजना बसवावी असे त्यांनी सुचवले होते. प्रवाशाच्या कानाशी शांतता आणण्याची कल्पना म्हणजे बाजारातल्या पहिल्या हेडफोनपेक्षा कितीतरी जुनी.

ती प्रत्यक्षात आणण्यात मोठा वाटा अमर बोस (१९२९–२०१३) यांचा. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका स्वातंत्र्यसैनिकाचा हा मुलगा एमआयटीत प्राध्यापक होता. विद्यार्थिदशेत हौसेने घेतलेल्या संगीतयंत्रणेचा आवाज ऐकून निराश झाल्यावर ते ध्वनिशास्त्राकडे वळले आणि १९६४ मध्ये त्यांनी आपली कंपनी काढली. १९७८ मध्ये झ्युरिकहून परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनवर त्यांना इंजिनाच्या आवाजापुढे काही धड ऐकू येईना. त्याच प्रवासात त्यांनी या तंत्राचे गणित कागदावर मांडायला घेतले. १९८६ मध्ये इंधन न भरता, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या व्हॉयेजर विमानातल्या दोघा वैमानिकांनी बोसचे नमुना हेडसेट वापरले आणि १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा हेडसेट विक्रीला आला. सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा क्वाएटकम्फर्ट २००० सालचा. तो तारेचा होता. २०१६ मध्ये बोसचा बिनतारी क्यूसी-३५ आणि सोनीचा एमडीआर-१०००एक्स हे दोन्ही आले आणि स्पर्धेचा रोख शांततेइतकाच गाण्याच्या प्रतीकडे वळला. २०२० च्या अखेरीस ॲपल या वर्गात उतरले.

गोंगाट आणि आच्छादन : खालच्या वारंवारतेचा मोठा आवाज वरच्या वारंवारतेच्या नाजूक आवाजांना झाकून टाकतो, उलट दिशेने हे फारसे होत नाही. कानातल्या शंखाकृती भागाची रचनाच तशी आहे. या एका गोष्टीमुळे हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला हे हेडफोन इतरांहून अधिक उपयोगी पडतात असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि त्याच्या तानपुऱ्यातल्या खर्जाच्या तारेचा सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. डग्ग्यावरची घुमारेदार मींडही याच परिसरात फिरते. बस, रेल्वे आणि विमान यांची घरघर नेमकी याच पट्ट्यात ठाण मांडून बसते. खर्ज तर बुडतोच, पण तानपुऱ्याच्या जवारीतून, म्हणजे घोडीवर तारेला मिळणाऱ्या झंकारातून, उठणारे वरचे स्वरांश, ज्यांच्यावर सारा गंधार उभा असतो, तेही झाकोळतात. विलंबित ख्यालातल्या दोन आवर्तनांमधली ती भरलेली शांतता प्रवासात कोरडी होऊन जाते. घरघर हटली की जवारी परत येते. हा फरक कोणत्याही महागड्या ड्रायव्हरने किंवा उच्च दर्जाच्या फाइलने होण्यासारखा नाही.

याचा दुसरा लाभ आरोग्याचा आहे. गोंगाटात माणूस नकळत आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकानुसार प्रौढांनी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तासांपर्यंत ऐकावे. लहान मुलांसाठी हीच पातळी ७५ डेसिबल धरली आहे. दर ३ डेसिबल वाढीमागे सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे पाचच तास उरतात, आणि रोज तासभर प्रवास करणारा माणूस ते सहज संपवतो.

गाणे आणि दुरुस्ती यांची गुंतागुंत : आतल्या माइकला गोंगाटाबरोबर गाणेही ऐकू येते. हेडफोनमधल्या विद्युत मंडलाने ते वेळीच वजा केले नाही तर डग्गा हाही गोंगाट समजून पुसला जाईल. म्हणून ‘या क्षणी किती गाणे अपेक्षित आहे’ याचे गणित सतत चालू ठेवावे लागते. ते नीट जमले तर आणखी एक फायदा मिळतो. चष्म्याच्या दांडीमुळे गादी आणि डोके यांच्यात फट राहिली की साध्या बंद हेडफोनचा खालचा आवाज गळून जातो. आतला माइक ही गळती ओळखून ती काही प्रमाणात भरून काढतो. जमले नाही तर यंत्रणा चालू-बंद करताना गाण्याचा रंगच बदलतो, खर्ज फुगतो किंवा आवाज पातळ होतो. हेडफोन विकत घेण्याआधी हे बटण दोन-चार वेळा दाबून तानपुरा ऐकणे ही सर्वांत सोपी आणि खरी परीक्षा आहे.

शांत खोलीत आणखी दोन गोष्टी जाणवतात. एक म्हणजे माइकच्या स्वतःच्या गोंगाटाची बारीक ‘सस्स’. दुसरी म्हणजे कानात दाब आल्यासारखे वाटणे. हवेचा दाब प्रत्यक्षात बदललेला नसतो. खालचे आवाज अचानक नाहीसे झाल्याचा तो भास असल्याचे सामान्यतः मानले जाते. काहींना याचा एवढा त्रास होतो की ते ही यंत्रणा वापरूच शकत नाहीत.

स्वरसमतोल : हेडफोनचा आवाज ‘सपाट’ असावा म्हणजे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. समोरच्या स्पीकरचा आवाज बाह्यकर्ण आणि कर्णनलिका यांतून येताना ३,००० हर्ट्झच्या आसपास आपोआप उंचावतो. हेडफोन ही वाट टाळतो, म्हणून ती उंची त्याच्यातच घालावी लागते. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हार्मन कंपनीत २०१२ पासून केलेल्या श्रवणचाचण्यांतून बहुसंख्य श्रोत्यांना आवडणारा समतोल आलेखरूपात मांडला. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरच्या तो जवळ जातो आणि खर्जाला थोडा उठाव देतो. या वर्गातले बरेच हेडफोन खर्जाचा हा उठाव आणखी वाढवतात. ढोल आणि इलेक्ट्रॉनिक संगीताला ते मानवते, पण तबल्याच्या साथीत डग्गा गायकावर चढून बसतो. सुदैवाने बहुतेकांच्या ॲपमध्ये इक्वलायझर असतो. १०० ते २५० हर्ट्झचा पट्टा दोन-तीन डेसिबलने उतरवला की मैफल जागेवर येते.

ड्रायव्हरच्या आकारावरून आवाजाचा अंदाज बांधू नये. सोनीने डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ मधला ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर पुढच्या एक्सएम५ मध्ये ३० मिलिमीटरचा केला, आणि एवढ्यावरून आवाज खालावला असे म्हणता येत नाही. ज्या वर्गात समतोल गणिताने घडवला जातो तिथे हा आकडा फार थोडे सांगतो. हेच गणित बंद पडले, म्हणजे बॅटरी संपल्यावर काही हेडफोन नुसत्या तारेवर चालवले, तर तोच ड्रायव्हर मंद आणि कोंदट ऐकू येतो.

बिनतारी वहन : सीडीवरच्या संगीताला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथवर इतकी जागा खात्रीने मिळत नाही, म्हणून कोडेक, म्हणजे पाठवताना गाणे लहान करून पोचल्यावर उलगडणारी पद्धत, ते दाबतो. सर्वत्र चालणारा एसबीसी उत्तम मांडणीत ३२८ किलोबिट वापरतो, ॲप्टएक्स ३५२, ॲप्टएक्स एचडी ५७६, आणि सोनीचा एलडॅक ३३०, ६६० किंवा ९९०. आयफोन एसबीसी आणि एएसी एवढेच देतो. जाहिरातीत या आकड्यांना फार महत्त्व मिळते. प्रत्यक्षात चांगल्या एएसीत आणि एलडॅकमध्ये फरक ओळखणे प्रशिक्षित कानालाही कठीण जाते, आणि गर्दीच्या फलाटावर, जिथे शेकडो फोन एकाच पट्ट्यात बोलत असतात, एलडॅकला ९९० वर टिकणे अवघड जाऊन तो खाली उतरतो किंवा आवाज तुटतो. यूएसबी-सी केबल जोडून न दाबलेले संगीत ऐकण्याची सोय अलीकडे काही उत्पादनांत आली आहे. एअरपॉड्स मॅक्सच्या २०२४ मधल्या आवृत्तीला ती २०२५ मध्ये मिळाली.

कोडेकपेक्षा कितीतरी मोठा फरक फोनवर बोलताना पडतो. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर हेडफोनचा माइक चालू होताच दोन्ही दिशांचा आवाज वेगळ्या, अरुंद मार्गाने जातो. तो मोनो होतो, म्हणजे दोन्ही कानांत एकच येतो, आणि ८,००० हर्ट्झच्या वरचे सारे गळून पडते. लॅपटॉपवर बैठक सुरू झाल्याबरोबर संगीत डब्यातून आल्यासारखे होते ते यामुळे. लॅपटॉपचाच माइक निवडला की हा त्रास टळतो. एलसी३ या नव्या कोडेकवर आधारलेल्या एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीने हे बरेच सुधारते, पण दोन्ही टोकांची उपकरणे नवी लागतात.

गाणे हवेतून पोचायला सेकंदाचा दशांश ते पंचमांश वेळ सहज जातो. ऐकण्यात तो कळत नाही आणि चित्रपट पाहताना ॲप तो सांभाळून घेते, पण स्वतःचा आवाज कानात घेऊन गाताना इतका उशीर चालणे शक्य नाही. शिवाय बंद कानात स्वतःचा आवाज कवटीतून घुमतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायक आजही तारेचेच हेडफोन घालतात.

तुलना : शांत घरात, रात्री, निम्म्या किमतीचा तारेचा उघड्या पाठीचा (वाटी बाहेरून बंद नसलेला) हेडफोन यांतल्या बहुतेकांपेक्षा मोकळा आणि खरा वाटतो. वाद्यांमधली जागा, गायकाचा श्वास, टाळीचे नैसर्गिक विरणे त्यात अधिक सहज उमटतात. तोच हेडफोन डेक्कन क्वीनमध्ये घालून बसले तर त्यातले काहीच हाती लागत नाही. ज्याचे ऐकणे घरी होते त्याने या वर्गावर खर्च करण्याचे कारण नाही. ज्याचे प्रवासात होते त्याला दुसरा तोडीचा पर्याय नाही.

देखभाल : गाद्यांवरचे कृत्रिम चामडे पॉलियुरेथेनचे असते आणि दमट उष्ण हवेत ते लवकर विघटन पावते. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे निघू लागतात. गादी चपटी झाली की फट पडते, खर्ज गळतो आणि गोंगाटही आत येतो. हेडफोन बिघडला असे वाटते, पण बिघडलेली असते फक्त गादी. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त गाद्या जाडीला आणि आतल्या कापडाला वेगळ्या असतात. त्याने ड्रायव्हर आणि कान यांतले अंतर बदलते, आणि मूळ गादी गृहीत धरून बांधलेले सगळे गणित चुकते. म्हणून शक्य तिथे उत्पादकाचीच गादी बसवावी, आणि पावसाळ्यात वापरानंतर हेडफोन लगेच डबीत कोंबण्याऐवजी थोडा वेळ पंख्याखाली उघडा ठेवावा.