वीण-आराखडा

वीण-आराखडा : कापडातील ताण्याचे (उभे) आणि बाण्याचे (आडवे) धागे एकमेकांत कसे गुंततात, आणि तसे गुंतण्यासाठी माग कसा भरावा व कसा चालवावा, हे चौकटीच्या कागदावर खुणांनी लिहिण्याची पद्धत. वस्त्र-अभिकल्प किंवा वस्त्रतंत्र शिकणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ही लिपी सुरुवातीलाच शिकावी लागते. रंगाई, छपाई, भरतकाम यांत करून पाहता पाहता पुष्कळ शिकता येते. चुकले तर पुढच्या वितीवर सुधारता येते. विणकामात ती सवलत फार थोडी. मागावर पहिला धागा चढण्याआधी कापड कागदावर विणून झालेले असावे लागते.

घटक : वीणचित्रातला एक चौकोन म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची भेट. उभा धागा वर असेल तर चौकोन भरायचा, आडवा वर असेल तर रिकामा सोडायचा. याच्या जोडीला ओवणी असते : ताण्याचा कोणता धागा कोणत्या वहीतून ओवला आहे, याची नोंद. (मागावरील वही म्हणजे ताण्याचे ठरावीक धागे एकदम उचलणारी चौकट. ‘वहीफणी’ हा यंत्रमागाच्या बोलीतला शब्द कानावर नसलेल्या विद्यार्थ्याचा पहिले काही दिवस लिहिण्याच्या वहीशी हमखास घोटाळा होतो; आराखडाही वहीतच काढायचा असल्याने तो लवकर सुटत नाही.) पावड्यांच्या (पायाने दाबायच्या फळ्यांच्या) मागासाठी आणखी दोन नोंदी लागतात. कोणती पावडी कोणत्या वह्यांना जोडली आहे ती जोडणी, आणि पावड्या कोणत्या क्रमाने दाबायच्या तो पावडीक्रम. वह्या यंत्रणेने उचलणाऱ्या डॉबी मागात या दोहोंची जागा एकटा उचल-आराखडा घेतो. त्यात प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी कोणत्या वह्या उचलायच्या एवढेच लिहिलेले असते. फणीच्या (ताण्याचे धागे समान अंतरावर ठेवणाऱ्या दातेरी चौकटीच्या) एका घरात किती धागे भरायचे, याची नोंद वेगळी ठेवतात.

वीणचित्र, ओवणी आणि उचल-आराखडा या तिन्हींपैकी कोणतेही दोन हाती असले की तिसरे काढता येते. वीण-आराखड्याचे सारे शिक्षण या एका वाक्यात बसते, आणि परीक्षेतले बहुतेक प्रश्नही. मात्र आराखड्याला कापडाचे चित्र समजणारा विद्यार्थी येथेच अडतो. वीणचित्र दिसायला चित्रासारखे असले तरी ती मागाला दिलेली सूचना असते.

खुणांचे संकेत सर्वत्र सारखे नाहीत. अमेरिकी हातमागाच्या लेखनात ओवणी वर आणि जोडणी उजव्या कोपऱ्यात वर असते. स्कँडिनेव्हियन पद्धतीत ओवणी वीणचित्राच्या खाली येते. जोडणीतील गोल खूण ‘वही वर जाते’ आणि फुली ‘वही खाली जाते’ असे सांगते. फुलीचा आराखडा वह्या उचलणाऱ्या मागावर तसाच चालवला तर कापड उलटे विणले जाते. म्हणजे नमुना बिघडत नाही, पण उजवी बाजू जमिनीकडे राहते आणि काम मागावरून उतरेपर्यंत ते ध्यानात येत नाही.

एक उदाहरण : चार वह्यांवरची दोनवर-दोनखाली ट्विल वीण घेऊ. ओवणी १, २, ३, ४ अशी सरळ, आणि उचल १-२, २-३, ३-४, ४-१. प्रत्येक आडव्या धाग्यागणिक नमुना एक घर सरकतो आणि कापडावर तिरकी रेघ उमटते. उचल तीच ठेवून ओवणी टोकदार केली, म्हणजे १, २, ३, ४, ३, २ आणि पुन्हा १, तर रेघ वळते आणि नागमोडी नक्षी मिळते. पावडीक्रमही तसाच वळवला की हिऱ्यासारखे चौकोन. चार वह्यांच्या मागावर एकूण १४ वेगवेगळ्या उचली शक्य असतात (सगळ्या वर आणि सगळ्या खाली या दोन निरुपयोगी म्हणून वगळून). आठ वह्यांवर तीच संख्या २५४ होते.

टोकदार ओवणीतली नेहमीची चूक म्हणजे वळणावरचा धागा दोनदा लिहिणे : १, २, ३, ४, ४, ३, २, १. कागदावर हे अधिक समतोल दिसते. मागावर मात्र चौथ्या वहीचे दोन शेजारी धागे कायम एकत्र वर-खाली होतात आणि प्रत्येक टोकाशी एक जाड उभी रेघ पडते. चूक तेवढ्यावर थांबत नाही. बरोबर ओवणीत विषम आणि सम वह्या आलटून-पालटून येतात, म्हणून १-३ आणि २-४ उचलून कापडाच्या आरंभी साधी (एक धागा वर, एक खाली अशी) वीण घालता येते. दुहेरी टोकाने तो क्रम मोडतो आणि साधी वीणही साधी राहत नाही. म्हणूनच अनुभवी विणकर नक्षी सुरू करण्याआधी दोन बोटे साधी वीण घालून पाहतो; ओवणीतली चूक तिथेच उघडी पडते आणि सोडवायला फार धागे लागत नाहीत.

सॅटिन वीण हे दुसरे ठरलेले प्रकरण. येथे प्रत्येक आडवा धागा नमुन्यातल्या एकाच उभ्या धाग्याशी गुंततो, आणि ती गुंतण्याची जागा प्रत्येक आडव्या धाग्यागणिक ठरावीक घरे पुढे सरकते; हीच सरक. पाच धाग्यांच्या सॅटिनमध्ये सरक २ घेतली तर जागा १, ३, ५, २, ४ अशा येतात आणि पाचही धागे एकेकदा गुंततात. सहा धाग्यांत तीच सरक घेतली तर १, ३, ५ आणि पुन्हा १. दुसरा, चौथा, सहावा धागा कधीच गुंतत नाही. सरक ३ किंवा ४ घेऊनही हेच होते. सरक आणि धाग्यांची संख्या यांना सामाईक विभाजक नसावा, आणि सरक १ किंवा एकूण संख्येहून एकने कमी नसावी (ती झाली की ट्विल होते), या दोन अटी एकत्र केल्या की सहासाठी एकही सरक उरत नाही. नियमित सहा-धागी सॅटिन म्हणूनच अस्तित्वात नाही; जे विणतात ते अनियमित असते.

उगम : वीण लिहून ठेवण्याची पद्धत केव्हा सुरू झाली याविषयी मतभेद आहेत. मतभेदाचे मूळ बरेचसे ‘लिहिणे’ कशाला म्हणायचे यात आहे. छापील पुराव्यापुरते पाहिले तर मार्क्स त्सीग्लर या विणकराचे १६७७ मध्ये जर्मनीतील उल्म येथे निघालेले पुस्तक सर्वांत जुने मानले जाते. त्यात वह्या रेघांनी आणि धागे त्या रेघांवरील खुणांनी दाखवले आहेत. संगीताच्या पाश्चात्त्य स्वरलिपीशी याचे साम्य पटकन नजरेत भरते, पण ते रूपापुरतेच मानलेले बरे. समांतर रेघांवर क्रमाने खुणा करणे ही कोणाकडून उसनी घ्यावी लागेल अशी युक्ती नव्हे. शिवाय १६७७ हे छपाईचे साल आहे, लिपीच्या जन्माचे नव्हे. इतक्या स्थिरावलेल्या खुणा विणकरांच्या हातच्या टिपणांत आधीपासून असाव्यात असे मानणे सयुक्तिक ठरते. अमेरिकेत अशा तऱ्हेचे छापील पुस्तक १७९२ मध्ये बॉल्टिमोर येथे जॉन हारग्रोव्ह यांनी काढले.

चौकटीच्या कागदाचा उगम वेगळा शोधावा लागतो. तो नक्षीदार रेशमाच्या, विशेषतः फ्रान्समधील ल्यों येथील व्यवसायातून आला असे सर्वसाधारण मत आहे. नक्षीचे रंगीत चित्र चौकटीच्या कागदावर चौकोनागणिक उतरवण्याच्या कृतीचे श्रेय जुन्या लेखनात ल्योंचे अभिकल्पकार झाँ रव्हेल (१६८४–१७५१) यांना दिले जाते. रंगछटा एकमेकींत विरघळल्यासारख्या दिसाव्यात म्हणून दोन रंगांचे धागे एकमेकांच्या क्षेत्रात घुसवण्याची १७३० च्या सुमाराची युक्ती त्यांची, हे अधिक विश्वासार्ह वाटते. चौकटीचा कागद एकट्याने शोधला हे कमी. १७६५ मध्ये पॅरिसमध्ये जूबेर द लिबर्देरी यांचे रेशमी कापडाच्या अभिकल्पकारांसाठीचे पुस्तक प्रसिद्ध झाले, तोवर कागदावर नक्षी उतरवणे हे शिकवण्याजोगे स्वतंत्र कसब ठरले होते.

तिसरे मत या दोन्ही पुराव्यांना उशिराचे मानते. या मतानुसार आराखडा प्रथम धाग्यात आणि मागातच साठवला गेला, कागदावर नंतर आला. चीनमधील चेंगदूजवळ लाओगुआनशान येथील पश्चिम हान काळातल्या थडग्यात नक्षीच्या मागांच्या चार लाकडी प्रतिकृती मिळाल्या, त्या इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील समजल्या जातात. त्यांत नक्षी अनेक वह्यांच्या क्रमात बांधलेली आहे. पुढे १६३७ च्या ‘थ्यॅनगोंग खायवू’ या चिनी तंत्रग्रंथात चित्रकाराचे रेखाटन घेऊन, धाग्यांचा हिशेब करून, रेशमी दोऱ्यांत नक्षी बांधणाऱ्या कारागिराचे वर्णन येते. बनारसचा नक्षाबंद हेच करतो. उभ्या दोऱ्यांच्या चौकटीत आडव्या दोऱ्या वर-खाली ओवून तो ‘नक्षा’ तयार करतो आणि त्यावरून मागावरचा जाळा (ताण्याचे धागे उचलणाऱ्या दोऱ्यांचा संच) बांधला जातो. हा नक्षा म्हणजे दोऱ्यांचे वीणचित्रच. फक्त भरलेल्या चौकोनाऐवजी दोरी वर आहे. दोरीतून कागदाकडे ही वाट कागदातून दोरीकडे या वाटेपेक्षा अधिक संभवनीय दिसते.

छिद्रांचे पत्ते : ल्यों येथे बाझिल बूशाँ यांनी १७२५ मध्ये छिद्रे पाडलेल्या कागदाच्या पट्टीने धागे निवडण्याची योजना केली. तीन वर्षांनी झाँ-बाप्तीस्त फाल्काँ यांनी पट्टीऐवजी एकमेकांना जोडलेले पत्ते वापरले. १८०४ मध्ये जोझेफ-मारी जाकार यांची यंत्रणा आली. वीणचित्राची एक ओळ म्हणजे एक पत्ता आणि भरलेला चौकोन म्हणजे छिद्र, असा हा सरळ हिशेब आहे. १८३९ मध्ये विणलेल्या जाकार यांच्या रेशमी चित्राला सुमारे २४,००० पत्ते लागले. संगणकाच्या इतिहासात या पत्त्यांचा उल्लेख वारंवार होतो, त्यामुळे येथे विस्तार केलेला नाही.

शिक्षण : आराखडा शिकवण्याचे दोन क्रम प्रचलित आहेत. एकात कागदावरच्या विणींपासून मागाकडे जातात. दुसऱ्यात विद्यार्थ्याच्या हाती आधी कापडाचा तुकडा देतात. तुकड्याच्या दोन कडा उसवून झालर मोकळी करायची, भिंगाखाली सुईने एकेक आडवा धागा पुढे ढकलायचा, तो किती उभ्या धाग्यांवरून व किती खालून गेला ते मोजून चौकटीच्या कागदावर ओळ भरायची, आणि नमुना दोन्ही दिशांनी पुन्हा सुरू झाला की थांबायचे. काम किचकट आहे. आठव्या-नवव्या धाग्याला कापड सैल पडून शेजारचे धागे जागा सोडतात आणि अर्धा तास वाया जातो. तरीही हाच क्रम अधिक फलदायी म्हणावा लागेल, कारण त्यात चौकोन हा खरा धागा असल्याचे बोटांना कळते.

कला-अभिकल्प शिक्षणात ही विद्या गृहीत धरली जात नव्हती. १९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे स्थापन झालेल्या बाउहाउस या कला-अभिकल्प विद्यालयाच्या विणकाम कार्यशाळेत विद्यार्थी सुरुवातीला बरेचसे एकमेकांकडून आणि चुकांतूनच शिकले. गुंटा ष्टोल्झल आणि बेनिता ओटे या विद्यार्थिनी रंगाई व विणीचे तंत्र शिकण्यासाठी १९२२ आणि १९२४ मध्ये क्रेफेल्ड येथील अभ्यासक्रमांना गेल्या. ष्टोल्झल १९२७ पासून त्या कार्यशाळेच्या प्रमुख झाल्या.

मर्यादा : कागदाचे चौकोन समान असतात, कापडाचे नसतात. इंचाला ८० उभे आणि ६० आडवे धागे असतील, तर समान चौकोनांवर काढलेले वर्तुळ विणल्यावर उभट होते. म्हणून ८ ला ६ या प्रमाणातला कागद घेतात. एकरंगी वीणचित्रातून रंगही कळत नाही. वर दिलेल्या ट्विल विणीत ताणा-बाणा दोन्हींत चार गडद, चार फिके धागे आलटून-पालटून घातले की शिकारी कुत्र्याच्या दातांसारखी प्रसिद्ध नक्षी उमटते. आराखड्यात मात्र ती साधी तिरकी रेघच दिसते.

गणिताच्या अंगाने या विषयाकडे उशिरा लक्ष गेले. एडा डीट्झ यांनी १९४९ मध्ये बहुपदींच्या विस्तारातून ओवणीचे क्रम काढून दाखवले. १९८० मध्ये ब्रांको ग्रुनबाउम आणि जेफ्री शेफर्ड यांनी सॅटिन व ट्विल यांची भूमिती मांडली. त्याच वर्षी सी. आर. जे. क्लॅपहॅम यांनी, चौकोन कसेही भरले तरी कापड एकसंध राहील का, याची कसोटी दिली. हा प्रश्न विद्यार्थ्याच्या कामाचा आहे. काही वीणचित्रे कागदावर अगदी सुबक दिसतात, पण त्यांतले काही उभे-आडवे धागे बाकीच्या सर्वांच्या वरूनच जातात, आणि मागावरून उतरवलेले कापड हातात दोन थरांत सुटते.

आता आराखडे बहुधा संगणकावर काढले जातात. वेगवेगळ्या आज्ञावलींत त्यांची देवघेव व्हावी म्हणून ‘डब्ल्यूआयएफ’ हा फाइलींचा सामाईक नमुना १९९७ पर्यंत ठरला. ओवणी बदलली की वीणचित्र पडद्यावर आपोआप बदलते. टोकावरचा दुहेरी धागा मात्र आज्ञावली बिनतक्रार मान्य करते.