चार बाइटांचा टॅग सर्व्हरच्या नेटवर्क कार्डापर्यंत कसा आला

व्हीलॅन म्हणजे एकाच केबलवरून चालणारी, पण एकमेकांपासून वेगळी ठेवलेली आणि क्रमांकाने ओळखली जाणारी नेटवर्कं. सर्व्हरच्या एका कार्डावर व्हीलॅन १०, २० आणि ३० बनवायला आज दोन मिनिटं पुरतात. पण मूळ इथरनेट फ्रेममध्ये, म्हणजे तारेवरून डेटा ज्या पाकिटातून जातो त्यात, या क्रमांकासाठी जागाच नव्हती. ती नंतर करावी लागली, आणि सेटिंग करताना येणाऱ्या बऱ्याच अडचणींचं मूळ तिथेच आहे.

व्हीलॅनची कल्पना १९८०च्या दशकातली, अमेरिकेतल्या बेलकोर या टेलिफोन-संशोधन कंपनीतल्या डेव्हिड सिन्कॉस्की यांची. त्यांना विभाग वेगळे करायचे नव्हते, इथरनेट मोठं करायचं होतं. स्पॅनिंग ट्री ही पद्धत लूप टाळण्यासाठी, म्हणजे फ्रेम गोल गोल फिरत राहू नये म्हणून, जादा तारा बंद ठेवते, त्या वाया जातात. प्रत्येक फ्रेमला लाल, हिरवा, निळा असा जणू रंग दिला, तर प्रत्येक रंगाचा ट्री वेगळा आणि सगळ्या तारा कामाला. सुरक्षेसाठी आपण आज ज्यावर विसंबतो, ते जन्मलं गर्दी वाटून देण्यासाठी. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

पुढे इथरनेट स्विच, म्हणजे प्रत्येक फ्रेम योग्य त्या पोर्टकडे (केबलच्या जोडणीकडे) पाठवणाऱ्या पेट्या, आले. १९९०मध्ये पहिला स्विच बाजारात आणणारी कंपनी होती 'कल्पना'. संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांनी तिला पत्नीचं नाव दिलं होतं. १९९४मध्ये ती सिस्को या नेटवर्क-उपकरणांच्या कंपनीने घेतली. फ्रेम कोणत्या व्हीलॅनची हे सांगण्याची सिस्कोची स्वतःची पद्धत, आयएसएल, अख्खी फ्रेम नव्या वेष्टणात गुंडाळायची आणि ३० बाइट वाढवायची. दुसऱ्या कंपनीच्या स्विचला ती कळायची नाही.

१९९८च्या ८०२.१क्यू मानकाने हा गुंता सोडवला. फ्रेमच्या आतच चार बाइट घुसवले, तोच टॅग. त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकाचे, म्हणजे वापरायला ४०९४ क्रमांक. मात्र फ्रेमची कमाल लांबी १५१८वरून १५२२ झाली. या चार बाइटांनी आम्हाला एकदा पूर्ण रात्र जागवलंय. पिंग (पोहोच तपासणारा छोटा संदेश) व्यवस्थित, लॉगिन होतंय, पण मोठी फाइल अडकायची. १४६८ बाइटांचा पिंग (टॅग आणि बाकीची जोड धरून १५१८ची फ्रेम) जायचा, १४६९चा नाही. मधे कुणीतरी लावलेला जुना स्विच १५१८च्या पुढची प्रत्येक फ्रेम मुकाट्याने टाकून देत होता.

सर्व्हरपर्यंत टॅग यायला आणखी थोडा वेळ लागला. तोवर दोन नेटवर्कं म्हणजे दोन कार्डं, दोन केबली, स्विचचे दोन पोर्ट. २००१मध्ये लिनक्सच्या २.४ कर्नेलमध्ये व्हीलॅनची सोय आली, आणि एका कार्डावर हवे तेवढे उप-इंटरफेस (प्रत्येक व्हीलॅनला एक) उभे राहू लागले. विंडोजवर बरीच वर्षं कार्ड बनवणाऱ्यांचंच सॉफ्टवेअर टाकावं लागे. टीमिंगबरोबर (अनेक कार्डं एक करून वापरण्याबरोबर) व्हीलॅन विंडोजमध्येच करता येऊ लागलं ते सर्व्हर २०१२पासून. व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअरमधले संगणक) आल्यावर तर सर्व्हरच्या पोटातच स्विच आला, आणि सर्व्हरकडे जाणारा पोर्ट ट्रंक करणं, म्हणजे त्यावरून अनेक व्हीलॅन टॅगसकट नेणं, रोजचं झालं.

आताची बहुतेक कार्डं टॅग हार्डवेअरमध्येच काढून घेतात. म्हणून सर्व्हरवर पॅकेट पकडून पाहिलं आणि टॅग दिसला नाही, तर लगेच स्विचवाल्याला फोन करू नका. आधी कार्डाचं ऑफलोड (टॅग हार्डवेअरमध्ये काढण्याची सोय) बंद करून पुन्हा पाहा.