कडक मुरूम की मऊ मुरूम? खडीच्या वाटेचा पाया

जुळे सोलापुरातल्या आमच्या बागेत खडीची वाट केली ती एप्रिलात. वरची खडी निवडायला दोन दिवस घालवले, खालच्या मुरमासाठी मात्र फोनवर एवढंच बोललो, "अर्धा ब्रास मुरूम टाका." पाणी मारून धुम्मस केल्यावर, म्हणजे ठोकून दाबल्यावर, तो असा बसला की पहार ठणकन वाजावी. सप्टेंबरच्या पावसात त्याच वाटेत चप्पल रुतली. खडी चिखलात गेली ती गेलीच. आलेला मुरूम मऊ होता.

दोन्ही मुरूम आपल्या काळ्या पाषाणाचेच, म्हणजे बेसॉल्टचे. फरक दगड किती कुजलाय याचा. कडक मुरमात तो अर्धवट कुजलेला असतो. खडे कोनदार, एकमेकांत अडकणारे, आणि मधल्या फटी भरतील एवढीच भुकटी. मऊ मुरमात खड्यांचीही माती होत आलेली असते. रंगावर जाऊ नका, तांबूस, पिवळट, करडा असे रंग दोघांतही निघतात.

खरा घोळ उन्हाळ्यात होतो. चिकणमाती वाळली की विटेसारखी घट्ट होते, त्यामुळे मे महिन्यात मऊ मुरूमच जास्त कडक वाटतो. सोलापुरात पाऊस मुख्यतः जून ते ऑक्टोबर, त्यातही जोर सप्टेंबरला. तोवर पायातली चूक कळतच नाही. म्हणून मुरूम कोरडा पाहून पास करू नये.

मूठभर मुरूम भिजवून चिमटीत चोळा. कडक मुरमाचा खडा बोटांना टोचतो, फुटत नाही. मऊ मुरमाचा चुरा होतो आणि बोटाला लेप बसतो. त्याहून खात्रीची परीक्षा काचेच्या बरणीत होते. तिसरा हिस्सा मुरूम, वर पाणी, खळखळून हलवा आणि ठेवून द्या. कडक असेल तर बहुतेक सगळा मिनिटाभरात तळाला जातो. पाणी तासन्‌तास गढूळ राहिलं आणि वर चिखलाचा जाड थर आला, तर ती ट्रॉली परत पाठवा. भुकटी अजिबात नसलेला मुरूमही बसत नाही, खडे नुसते सरकतात. त्यात क्रशरचा थोडा कच, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, मिसळावा.

आपल्या काळ्या मातीत हा फरक जास्तच महागात पडतो. ती भिजली की फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. म्हणून वरची सहा-सात इंच माती काढा, तळ धुम्मस करा आणि जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) अंथरा, म्हणजे माती वर येऊन मुरमात मिसळणार नाही. त्यावर कडक मुरूम दाबून चार इंच, दोन थरांत. प्रत्येक थर ओलसर हवा: मुठीत लाडू वळावा, पण हाताला पाणी सुटू नये. 40 फूट लांब, 3 फूट रुंद वाटेला दाबलेला मुरूम 40 घनफूट लागतो. दाबताना तो बसतो, म्हणून 50 घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास मागवावा. फुटाला पाव इंच आडवा उतार द्या, कडेला विटा किंवा दगड घट्ट रोवा. वरची फोडीव खडी दीड इंच पुरे. जास्त घातली की वाळूत चालल्यासारखं होतं.

खडी पसरण्याआधी पायावर दोन बादल्या पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी टाच दाबून फिरवा. खळगा पडला तर खडी घालू नका. ही परीक्षा मी दुसऱ्या वेळी केली, पहिल्या वेळी सुचलीच नव्हती.

उपसलेला मऊ मुरूम टाकून दिला नाही. हलक्या, मुरमाड जमिनीत डाळिंब चांगलं येतं हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. शेणखत मिसळून तो कुंपणाजवळच्या दोन डाळिंबांच्या खड्ड्यांत भरला.