बाप तिसऱ्या वर्षी घरी, लेक बाराव्या वर्षापर्यंत मैदानात

ऑथराइज्ड या घोड्याने २००७ साली इंग्लंडमधली एप्समची डर्बी ही सपाट मैदानावरची मोठी शर्यत जिंकली. जॉकी फ्रँकी डेटोरीचा डर्बीतला तो पहिलाच विजय, त्यामुळे घोड्यापेक्षा त्याचाच गवगवा जास्त झाला. या घोड्याची पहिली शर्यत सप्टेंबर २००६ मध्ये, शेवटची ऑक्टोबर २००७ मध्ये, आणि सगळ्या मिळून फक्त सात. खेळ संपला तेव्हा तो तीन वर्षांचा होता. त्याचा मुलगा टायगर रोल. तो नोव्हेंबर २०१३ मध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत उतरला आणि थांबला थेट मार्च २०२२ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी. मधल्या काळात २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची मोठी शर्यत मारली.

दोघांचं रक्त एक, जातही एकच, शर्यतीसाठी पैदास होणारी थरोब्रेड. म्हणूनच ‘रेसचा घोडा किती वर्षं धावतो?’ असं कुणी विचारलं की आधी उलट विचारावं लागतं: कुठला? फ्लॅटचा की उड्यांचा?

आपल्याकडे हा प्रश्न सहसा पडत नाही. मुंबईत महालक्ष्मीला हिवाळ्यात आणि पुण्यात पावसाळ्यात ज्या रेस होतात त्या फ्लॅटच्या, म्हणजे सपाट हिरवळीवर सरळ वेगाच्या. इथे घोडा दुसऱ्या वर्षी पळायला लागतो, चौथ्या-पाचव्या वर्षी त्याचा वेग कळसाला पोचतो आणि मग उतरणीला लागतो. सहा-सात वर्षांचे घोडे खालच्या वर्गांत पळताना दिसतात, पण मोठ्या किताबांची नावं तरुणांचीच. (इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची आणि एप्समची तीन वर्षांच्या, यावरून आपले घोडे उशिरा पिकतात असं काही जण समजतात. तसं नाही. दोन्हीकडे सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. एप्समची डर्बी जूनमध्ये होते, आपली फेब्रुवारीत, नुकतीच चार पूर्ण झाल्यावर. खरा फरक आठ महिन्यांचा.)

उड्यांची रेस म्हणजे हर्डल (बुटके अडथळे) आणि स्टीपलचेस (उंच अडथळे). तिचं माहेर इंग्लंड-आयर्लंड. लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) या मैदानावर होणाऱ्या ग्रँड नॅशनलमध्ये जवळजवळ सात किलोमीटर अंतर आणि तीस अडथळे असतात, आणि सात वर्षांखालच्या घोड्याला त्यात प्रवेशच नाही. फ्लॅटचा घोडा ज्या वयात संपला म्हणतात, तिथे याची पात्रता सुरू होते. रेड रम १९७३ आणि १९७४ मध्ये पहिला आला, पुढची दोन वर्षं दुसरा आला आणि १९७७ मध्ये बारा वर्षांचा असताना पुन्हा पहिला. १९२३ मध्ये सार्जंट मर्फी तर तेराव्या वर्षी जिंकला होता.

साधा तर्क उलटं सांगतो. उड्या मारणाऱ्याचे पाय आधी जायला हवेत. धोका तिथे जास्त आहेच. घोडे पडतात, कधी जिवानिशी जातात. पण जो टिकतो तो लांब टिकतो. उड्यांसाठीच तयार केलेल्या घोड्याला सहसा सावकाश वाढू देतात, दोन वर्षांच्या कच्च्या हाडांवर पूर्ण वेगाचा भार पडत नाही. शिवाय या शर्यतीत दम आणि सराव लागतो. कुठून पाय उचलायचा ही अक्कल वयाबरोबर वाढते, निव्वळ वेग मात्र कमी होत जातो.

हे सगळं खरं, पण माझ्या मते निम्मंच. उरलेलं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे.

अमेरिकेतल्या सेक्रेटेरियट या घोड्याचं उदाहरण घ्या. १९७३ मध्ये त्याने बेलमाँट स्टेक्स ही शर्यत ३१ लांबींनी, म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने जिंकली. तिथे त्याचे पाय थकल्याची एकही खूण नव्हती. तरी त्या वर्षानंतर तो पळाला नाही, कारण हंगामाआधीच साठ लाख डॉलरहून जास्त रकमेला त्याचे प्रजननाचे हिस्से विकले गेले होते आणि तीन वर्षांचं वय उलटल्यावर पळवायचं नाही ही अट करारातच होती. इंग्लंडमधला फ्रँकेल १४ पैकी १४ शर्यती जिंकून चौथ्या वर्षी घरी गेला, आणि पहिल्याच मोसमात एका घोडीमागे त्याचा दर होता सव्वा लाख पौंड. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, मीलन नैसर्गिकच हवं. त्यामुळे अशा नराचा एकेक मोसम मोलाचा. त्याला आणखी एका शर्यतीत उतरवून पाय मोडून घ्यायची जोखीम कोण घेईल?

उड्यांचे बहुतेक घोडे मात्र खच्ची केलेले असतात. बैलाचं जे कारण तेच इथलं: जनावर शांत राहतं, कामात लक्ष देतं. पण खच्ची घोड्याला पुढची पिढी नाही. कमाई करायची तर पळूनच, म्हणून तो पळत राहतो.

पडताळा हवा असेल तर फ्लॅटवरचा खच्ची घोडा बघावा. अमेरिकेतला जॉन हेन्री लहानपणी ११०० डॉलरला विकला गेला, स्वभावाने तापट. तो ८३ शर्यती पळाला आणि १९८४ मध्ये, नवव्या वर्षी, तिथला वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला. नरांच्या मानाने माद्यांना घरी पाठवायची घाईही कमी, कारण मादी वर्षाला एकच शिंगरू देते. ऑस्ट्रेलियाची विंक्स सातव्या वर्षापर्यंत पळाली आणि शेवटच्या ३३ शर्यती सलग जिंकून थांबली.

शर्यत सुटली तरी आयुष्य बरंच उरतं, घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. रेड रम १९९५ मध्ये तिसाव्या वर्षी गेला. त्याला एन्ट्रीच्या विजयरेषेजवळच पुरलं आहे. पुण्यात पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे एके काळी मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, तिथे त्यांच्या रक्तातल्या सीरमपासून प्रतिविष बनायचं. हे काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.