शब्द पाठ होतात, मग पेपरात आठवत का नाहीत?

प्रवेश परीक्षेच्या इंग्रजी शब्दसंग्रहाविषयी विद्यार्थी व पालकांसाठी माहितीपत्रक, नाशिक

आमच्या क्लासमध्ये चौकशीला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एकूण किती शब्द करून घेता? आमचं उत्तर ऐकून काहींचा हिरमोड होतो. रोज नवे १० शब्द, आठवड्यातले ६ दिवस. म्हणजे आठवड्याला ६० आणि २५ आठवड्यांत १५००. महिन्यात तीन हजारांची हमी कुणी देत असेल तर त्यातले दोन महिन्यांनी किती उरतात, एवढं जरूर विचारा. शब्द ओळखीचा वाटणं वेगळं आणि चार पर्यायांतून त्याचा नेमका अर्थ उचलता येणं वेगळं. गुण नेमका अर्थ उचलण्यालाच मिळतात.

आधी परीक्षा ठरवा

एनडीएच्या, म्हणजे सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीच्या परीक्षेच्या, जनरल ॲबिलिटी पेपरात ६०० पैकी २०० गुण इंग्रजीचे असतात आणि समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार असं बरंच थेट विचारतात. क्लॅटचं, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेचं, उलट आहे. तिथे साधारण ४५० शब्दांचा उतारा देतात आणि त्या उताऱ्यात शब्द कोणत्या अर्थाने आलाय ते विचारतात. १२० पैकी २२ ते २६ प्रश्न इंग्रजीचे. सीयूईटीच्या, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या, इंग्रजीत दोन्ही प्रकार येतात. म्हणून क्लॅटवाल्याने नुसत्या याद्या घोकणं वाया जातं, आणि एनडीएवाल्याला नुसत्या वाचनावर भागवता येत नाही. पॅटर्न बदलत असतो, तेव्हा अर्ज भरताना त्या वर्षीची अधिकृत सूचना वाचाच.

कार्ड कसं करायचं

ए-फोर कार्डशीट तीनदा मधोमध दुमडून कापली की सारखे ८ तुकडे होतात, प्रत्येकी १०५ बाय ७४ मिलिमीटर. तयार फ्लॅशकार्डं विकत घेऊ नका. ज्या वाक्यात शब्द भेटला ते वाक्य त्यांच्यावर नसतं, आणि अर्धं काम त्या वाक्यानेच होतं.

पुढच्या बाजूला फक्त शब्द आणि ते वाक्य. मागे मराठी अर्थ, उच्चार देवनागरीत, सोबत येणारं प्रिपोझिशन, आणि शब्द कौतुकाचा की टीकेचा याची अधिक-उणे खूण. ही खूण बहुतेक जण गाळतात. फ्रूगल म्हणजे काटकसरी आणि पार्सिमोनियस म्हणजे चिक्कू. दोघंही पैसे कमीच खर्च करतात, पण उताऱ्याचा सूर विचारला की इथेच उत्तर चुकतं.

एक कार्ड जवळून पाहू. शब्द ‘एग्झॅसर्बेट’, अवकाळी पावसावरच्या अग्रलेखात सापडलेला. विद्यार्थी मागे लिहितो ‘वाढवणे’, आणि आठवड्याने उत्पन्न, आनंद, लोकसंख्या सगळ्यालाच तो शब्द लावतो. पण हा शब्द आधीच बिघडलेल्या गोष्टीलाच लागतो: दुखणं, टंचाई, भांडण. मराठीत याला नेमका शब्द आहे, ‘चिघळवणे’. जखम चिघळते, वाद चिघळतो. उत्पन्न चिघळत नाही. शब्दकोशातला पहिला अर्थ उतरवण्याऐवजी असा मराठी शब्द शोधायला दोन मिनिटं जास्त लागतात. ती द्या.

शब्द आणायचे कुठून

रोज एक इंग्रजी अग्रलेख, त्यातून जास्तीत जास्त ५ शब्द. उरलेले ५ आमच्या यादीतून. सगळे अनोळखी शब्द उचलू नका. जो आठवड्यात दुसऱ्यांदा भेटेल त्यालाच कार्ड. घरी इंग्रजी पेपर येत नसेल तर एखाद्या वाचनालयाचं सभासदत्व घ्या. १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, शहरातच आहे. विषय ओळखीचा निवडलात तर अर्थ लवकर बसतो: लासलगावच्या कांद्यावरच्या एकाच लेखात ग्लट, व्होलटाइल, कर्ब आणि होर्डिंग हे चारही भेटू शकतात. यातलं होर्डिंग म्हणजे साठेबाजी, चौकातला जाहिरातीचा फलक नव्हे.

पाच कप्पे

उजळणीसाठी मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठे उभे करून पाच कप्पे करा. नवं कार्ड पहिल्यात. पहिला कप्पा रोज तपासायचा, दुसरा २ दिवसांनी, तिसरा ४, चौथा ८ आणि पाचवा १६ दिवसांनी. अर्थ आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर कितव्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. कुठेही न अडखळलेलं कार्ड ३१ दिवसांत पाचही कप्पे पार करतं. ही रीत जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात रूढ केली.

गाडी रुळावर आली की रोज ५० कार्डं समोर येतात, चुकलेली धरून ६० ते ७०. एका कार्डाला १० सेकंद, म्हणजे १० ते १२ मिनिटांचं काम. सिटीलिंकच्या बसमध्येही उरकतं.

बिघडतं दोन ठिकाणी. एक, विद्यार्थी आठवायच्या आधीच कार्ड उलटतो आणि ‘हां, येत होतं’ म्हणून पुढे ढकलतो. अर्थ आधी तोंडाने म्हणायचा, मगच कार्ड उलटायचं. दोन, गणपती-दिवाळीत खंड पडतो आणि परत आल्यावर दीडशे कार्डं तुंबलेली असतात. सुट्टीत नवे शब्द खुशाल बंद ठेवा. उजळणी मात्र रोज करा.

सारखे दिसणारे शब्द

एमिनंट म्हणजे नामवंत, इमिनंट म्हणजे येऊन ठेपलेला. व्हीनल म्हणजे लाचखाऊ, व्हीनियल म्हणजे क्षम्य. अशा जोड्या एकाच दिवशी केल्या की आयुष्यभर अदलाबदल होते. पहिला शब्द तिसऱ्या कप्प्यात पोचल्यावरच दुसऱ्याचं कार्ड करा. समानार्थी शब्दांच्या गठ्ठ्यालाही हेच लागू.

धातू, म्हणजे शब्दांची मुळं, शिकल्याने फायदा होतो. ‘क्रेड’ म्हणजे विश्वास, हे कळलं की क्रेडिबल, क्रेड्युलस, इन्क्रेड्युलस एका ओळीत बसतात. पण धातूवरून केलेला अंदाज शब्दकोशात पडताळल्याशिवाय कार्डावर उतरवू नका. एनर्व्हेट ऐकायला एनर्जीच्या घरचा वाटतो, अर्थ मात्र गलितगात्र करणे. इन्व्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे, तर अमूल्य. आणि इन्फ्लेमेबल वस्तू पेट घेते, बरं का.

मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांपासून जास्त सावध राहा. ‘मुलगा सिन्सियर आहे’ असं आपण अभ्यासू मुलाबद्दल म्हणतो. इंग्रजीत सिन्सियर म्हणजे मनापासूनचा, दिखावा नसलेला. लग्नाच्या जाहिरातीतली ‘होमली’ मुलगी अमेरिकन इंग्रजीत रूपाने बेताची ठरते. अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाची सॅट परीक्षा देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. ‘विषयी चर्चा’ या सवयीने डिस्कसच्या पुढे अबाउट येतं, ते वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नात महागात पडतं.

अंदाजाने उत्तर द्यायचं का?

सीयूईटीत बरोबरला ५, चुकीला उणे १. चारपैकी एक डोळे मिटून निवडलात तरी सरासरी अर्धा गुण पदरात पडतो, म्हणून प्रश्न सोडू नका. एनडीएच्या इंग्रजीत बरोबरला ४ आणि चुकीला एक तृतीयांश, म्हणजे १.३३ वजा, आंधळ्या अंदाजाची सरासरी बरोबर शून्य. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर तीच सरासरी १.३३ होते, तेव्हा जरूर द्या. क्लॅटमध्ये १ आणि उणे ०.२५, आंधळा अंदाज किंचित फायद्याचा, पण त्यात वेळ घालवू नका.

आमच्याकडे काय मिळेल

प्रवेशाआधी ४० शब्दांची मोफत चाचणी. त्यात अर्थ माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असंच लिहायचं. अंदाज केलात तर सुरुवात कुठून करायची ते आम्हाला कळत नाही. दर शनिवारी तुमच्याच खोक्यातली कुठलीही २० कार्डं काढून तोंडी विचारतो, आणि १४ पेक्षा कमी आली तर पुढच्या आठवड्यात नवे शब्द देत नाही. पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो, तरी यात सूट नाही. पहिल्या दिवशी कार्डशीट, कात्री आणि पेन्सिल आणा. पेन नको, मागचा मराठी अर्थ सुरुवातीला दोनतीनदा तरी खोडावा लागतो.