यूपीएसचा ईको मोड: बायपास चालू करणं सोपं, तोडणं अवघड

यूपीएसच्या माहितीपत्रकात '९९ टक्के कार्यक्षमता' असं ठळक छापलेलं असतं. आकडा खोटा नसतो. पण खाली बारीक अक्षरांत 'ईको मोडमध्ये' असं लिहिलेलं असतं आणि खरी गोम तिथेच आहे.

डेटा सेंटर किंवा रुग्णालयातला ऑनलाइन यूपीएस एसी विजेची डीसी करतो आणि तिची पुन्हा स्वच्छ एसी. हे दुसरं काम त्याच्या आतला इन्व्हर्टर करतो. बॅटरी मधल्या डीसीवर जोडलेली असते, म्हणून लाइट गेली तरी लोडला, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना, पत्ता लागत नाही. या दुहेरी फेऱ्यात ५ टक्क्यांच्या आसपास वीज उष्णता होऊन जाते. ईको मोड हा फेरा टाळतो आणि वीज बायपासमधून, म्हणजे वळसा घालणाऱ्या वाटेने, थेट लोडला देतो. १०० किलोवॉट लोडवर ९५ऐवजी ९९ टक्के कार्यक्षमता मिळाली, तर सव्वाचार किलोवॉट वाचतात. म्हणजे वर्षाला सुमारे ३७ हजार युनिट, आणि वातानुकूलनाची बचत वेगळी. (काही घरगुती इन्व्हर्टरच्या मागचं 'ईको' बटण याच्याशी जोडू नका. ते व्होल्टेजची मर्यादा सैल करतं, इतकंच.)

ईको मोडमध्ये लाइट गेली की यूपीएसमधल्या इन्व्हर्टरने लोड उचलायचा. आयटीआयसी आलेखानुसार (संगणकी उपकरणांनी व्होल्टेजचा किती बिघाड सोसावा हे सांगणारा उद्योगाचा आलेख) ही उपकरणं २० मिलिसेकंद वीज पूर्ण गेली तरी तग धरतात. इन्व्हर्टर आधीपासून ग्रिडच्या लयीत तयार ठेवला, तर तो २ ते ४ मिलिसेकंदांत ताबा घेऊ शकतो. मग घोडं अडतं कुठे? बायपासच्या थायरिस्टरमध्ये, म्हणजे त्या वाटेवरच्या इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये.

प्रत्येक फेजला उलटसुलट जोडलेले दोन थायरिस्टर असतात. गेटला, म्हणजे नियंत्रणाच्या टोकाला, विजेचा छोटा पल्स दिला की थायरिस्टर चालू होतो, पण पल्स थांबवला म्हणून बंद होत नाही. त्यातला प्रवाह जवळपास शून्यावर यावा लागतो. ५० हर्ट्झला प्रवाह दर १० मिलिसेकंदांनी शून्यातून जातो, म्हणून एरवी हे चालून जातं. पण समजा, बाहेर शॉर्टसर्किट झालं आणि ग्रिडचं व्होल्टेज कोसळलं. थायरिस्टर अजून चालूच आहे आणि इन्व्हर्टर सुरू झाला, तर त्याचा प्रवाह लोडकडे न जाता उलटा त्या शॉर्टकडे धावू शकतो.

उपाय मोठा झकास आहे. विहिरीतल्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह आठवा. तो हाताने लावत नाहीत. पाणी मागे फिरू लागलं की त्याच दाबाने तो बसतो. इथेही तसंच. कंट्रोलर आधी दोन्ही थायरिस्टरचे पल्स थांबवतो. मग त्या क्षणी प्रवाह कोणत्या दिशेने वाहतोय ते पाहतो. धन दिशेने असेल तर इन्व्हर्टरचं व्होल्टेज ग्रिडपेक्षा थोडं जास्त धन ठेवतो, ऋण असेल तर जास्त ऋण. चालू थायरिस्टरवर उलटा दाब येतो आणि प्रवाह शून्यावर येतो. हा दाब शे-दोनशे मायक्रोसेकंद टिकला की थायरिस्टर खरोखर बंद होतो. दिशा ओळखण्यात चूक झाली तर हाच झटका थायरिस्टरला बंद करण्याऐवजी आणखी प्रवाह पुरवतो. पल्स वेळेत थांबले नाहीत तर शेजारचा उलटा थायरिस्टर पेटतो.

म्हणूनच इनकमर ब्रेकर (बाहेरून येणाऱ्या विजेचा मुख्य स्विच) पाडून घेतलेली चाचणी पुरेशी नाही. ती सोपी परिस्थिती आहे, कारण तिथे बाहेर शॉर्ट नसतो. पॉवर क्वालिटी रेकॉर्डर आउटपुटला लावून खऱ्या व्होल्टेज घसरणीत यूपीएस कसा वागला ते पाहावं. (खंडेनवमीला यूपीएसला हार जरूर घाला, पण पंख्याच्या जाळीवर नको. झेंडूच्या पाकळ्या आत ओढल्या जातात आणि थायरिस्टरला थंड ठेवणारा हीटसिंक तापतो.) जनरेटरवर ईको मोड बंदच ठेवावा, कारण तिथे फ्रिक्वेन्सी हलते आणि इन्व्हर्टरला लय धरता येत नाही. लोडच्या बाजूला ट्रान्सफॉर्मर असेल तरी जपून: व्होल्टेज चुकीच्या क्षणी परत आलं तर त्याचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने संपृक्त होऊन प्रवाह कित्येक पटींनी उसळतो आणि इन्व्हर्टर ओव्हरलोडवर जातो.

आता रिडंडन्सी, म्हणजे जादा ठेवलेली क्षमता. ६० किलोवॉटचे दोन यूपीएस समांतर आहेत आणि दोघांच्या पॅनेलवर ५८ टक्के दिसतंय. वाटतं, बरीच जागा आहे. प्रत्यक्षात एकूण लोड सुमारे ७० किलोवॉट. एक बंद पडला तर दुसऱ्यावर ११६ टक्के. दोनाच्या जोडीत प्रत्येकी ५० टक्क्यांची रेषा ओलांडली की रिडंडन्सी गेली, आणि कुठलाही अलार्म वाजेलच असं नाही.

उलट अडचण कमी लोडची. पंखे, कंट्रोल कार्ड आणि स्विचिंगचा ठरावीक खर्च लोड कमी झाला म्हणून घटत नाही, त्यामुळे कार्यक्षमता घसरते. मॉड्युलर यूपीएस, म्हणजे सुट्या छोट्या भागांचे (मॉड्यूलचे) बनलेले यूपीएस, यावर काही मॉड्यूल झोपवतात. ५० किलोवॉटची पाच मॉड्यूल, लोड ९० किलोवॉट: प्रत्येकी ३६ टक्के. दोन झोपवली तर उरलेल्या तिघांवर ६० टक्के. त्यातलं एक गेलं तरी दोघं ९० टक्क्यांवर तग धरतात, तोवर झोपलेली जागी होतात. इथे थायरिस्टरची भानगडच नाही, म्हणून ईको मोडआधी मी हा पर्याय सुचवेन.

सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील आणि ए-बी अशा दोन स्वतंत्र यूपीएस बाजू असतील, तर ए ईकोवर आणि बी दुहेरी फेऱ्यावर ठेवता येते. ग्रिड कोसळलं तर ए बाजूला अडखळ येईल, बी बाजूला नाही. मात्र बी एकटीने पूर्ण लोड उचलू शकते का, हे आधी तपासलेलं हवं.